पहिलं सॉफ्टवेअर बाजारात आणताना : गावात राहून स्वतःचा प्रोग्रॅम विकू पाहणाऱ्यांसाठी

हिंजवडीला नोकरी आणि शनिवार-रविवार गावी, किंवा लॉकडाऊनमध्ये गावी आली ती परत गेलीच नाहीत, अशी पोरं आता माण-खटावपासून जावळीपर्यंत सगळीकडे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर स्वतःचा एखादा प्रोग्रॅम अर्धवट पडलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "थोडं काम बाकी आहे." हे थोडं काम दोन-दोन वर्षं पुरतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी साधाच प्रोग्रॅम तालुक्यात सगळीकडे बसलेला असतो.

प्रोग्रॅम लिहिता येणं वेगळं आणि तो कुणी पैसे मोजून रोज वापरणं वेगळं. पहिल्या गोष्टीची माहिती कुठेही मिळते. दुसरी मात्र प्रत्येकाला ठेचा खातच शिकावी लागते. त्या ठेचा थोड्या कमी व्हाव्यात म्हणून हा लेख.

सुरुवात गिऱ्हाइकापासून

क्विक हीलचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ती उभी करणारे कैलास काटकर मूळचे आपल्याच कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मग संगणक दुरुस्तीत शिरले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकत असलेल्या धाकट्या भावाला, संजय यांना, त्यावर उपाय लिहायला लावला. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील आलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली.

टॅलीचीही गोष्ट तशीच आहे. १९८६ मध्ये बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत याने ते लिहिलं.

दोन्हीकडे गिऱ्हाईक आधी समोर होतं, प्रोग्रॅम नंतर आला. आपल्याकडे उलटं होतं. ॲप आधी तयार होतं आणि मग "हे कुणाला विकायचं?" असा प्रश्न पडतो.

म्हणून पहिला नियम असा धरा : ज्या धंद्याची वही तुम्ही हातात घेऊन पाहिलेली नाही, त्याचं सॉफ्टवेअर लिहायला बसू नका. घरचं कृषी सेवा केंद्र असेल तर ते घ्या. बहीण क्लास चालवत असेल तर फीचा हिशेब घ्या. गावात दूध संकलन केंद्र असेल तर ते घ्या. इथे पुढे दूध केंद्राचंच उदाहरण धरतो, कारण प्रत्येक गावात ते आहे आणि वरवर सोपं दिसणारं काम किती खोल असतं हे त्यात चांगलं कळतं.

दूध केंद्राचा प्रोग्रॅम : बघायला सोपा

लिटर गुणिले दर, एवढंच तर काम. कॉलेजचं पोरगंही दोन दिवसांत करील. पण सकाळी साडेपाचला केंद्रावर जाऊन उभं राहा. दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे वाढ किंवा कपात. कुठे मशिनवरून एसएनएफ येतो, कुठे अजून लॅक्टोमीटरची डिग्री बघून काढतात. दरपत्रक प्रत्येक संघाचं वेगळं, आणि ते कधीही बदलतं. कधीकधी तर पत्र आज येतं आणि दर चार दिवस मागच्या तारखेपासून लागू असतो. दर कोडमध्येच लिहून ठेवला असेल तर इथेच तुमचा प्रोग्रॅम पडला.

मग दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. त्यातून पेंडीचे पैसे, उचल, कुणाचा सोसायटीचा हप्ता कापायचा. एकाच्या खात्यावर दुसऱ्याचं दूध पडलेलं असतं, ते मागे जाऊन दुरुस्त करायचं. आणि दिवाळीला फरक वाटायचा असतो, तेव्हा वर्षभराचं प्रत्येकाचं लिटर एका कागदावर हवं. ही शेवटची गोष्ट वर्षातून एकदाच लागते, म्हणून बनवणाऱ्याच्या डोक्यात ती कधीच नसते. सचिवाच्या डोक्यात मात्र ती पहिल्या दिवसापासून असते.

इथे चूक झाली तर काय होतं याचा अंदाज घ्या. मोबाइलमधला गेम बंद पडला तर माणूस तो काढून टाकतो. दहा दिवसांचा पगार चुकला तर साठ-सत्तर शेतकरी केंद्राच्या दारात उभे राहतात, आणि सचिव त्यांना तुमचं नाव सांगतो. गावातच राहायचं असेल तर ते नाव परत मिळवायला फार दिवस लागतात.

त्यामुळे दोन-तीन गोष्टी आधीच पक्क्या करा. पैसे दशांश अपूर्णांकात ठेवू नका, पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवा. संगणकाच्या दशांशात बारीक फरक पडतो आणि तो महिनाअखेर बेरजेत दिसतो. नोंद पुसायची सोय देऊ नका. चुकीची नोंद रद्द करून नवी करायची, जुनी दिसत राहिली पाहिजे. लाइट मधेच गेली तर अर्धी नोंद राहता कामा नये. एसक्यूलाइटसारखा डेटाबेस हे व्यवहार नीट सांभाळतो, तो पूर्ण फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायला कसलीच आडकाठी नाही. बॅकअप रोज आपोआप झाला पाहिजे, आणि तो त्याच मशिनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको. मशिनच जळालं तर दोन्ही गेले.

मराठीची डोकेदुखी

हा भाग परदेशी व्हिडिओंमध्ये सापडत नाही, म्हणून थोडा सविस्तर.

केंद्रावर पावती छापायला छोटा थर्मल प्रिंटर असतो. असे बहुतेक प्रिंटर अक्षर म्हणून देवनागरी छापतच नाहीत, कागदावर चौकोन किंवा कचरा येतो. उपाय एकच : पावतीचं चित्र तयार करायचं आणि ते प्रिंटरला पाठवायचं. ५८ मिमीच्या कागदावर छपाईची रुंदी साधारण ३८४ ठिपके असते, त्यात नाव, लिटर, फॅट, दर, रक्कम बसवायची. पीडीएफमध्येही तोच त्रास. काही लायब्ररी जोडाक्षरं तोडतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाते. "ज्ञानेश्वर", "कृष्णा", "विठ्ठल", "ऱ्हाटे" ही नावं छापून बघितल्याशिवाय पीडीएफ चालतं असं समजू नका.

जुन्या संस्थांची सभासद यादी बहुतेक वेळा श्रीलिपी, कृतीदेव किंवा सुरेख फाँटमध्ये असते. ती युनिकोड नाही. कॉपी करून चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती बदलून देणं हे विक्रीचंच काम आहे असं समजा. चारशे नावं परत टाइप करायला कुणी बसणार नाही, आणि त्याच एका कारणाने जुनी वही चालू राहते.

पहिली पाच गिऱ्हाइकं

चुलत्यांच्या केंद्रावर फुकट बसवलेला प्रोग्रॅम ही विक्री नाही. चुलते "लय भारी" म्हणतील आणि वहीतच लिहीत राहतील. पैसे दिलेला माणूस चिडून फोन करतो, चूक दाखवतो, हे कर ते कर म्हणतो. त्याचीच गरज असते. पहिल्या गिऱ्हाइकाकडून भले हजार रुपये घ्या, पण घ्या.

आणि प्रोग्रॅम पूर्ण व्हायच्या आत जा. नोंद, पावती आणि दहा दिवसांचा पगार एवढं झालं की पुरे. बाकी रंग, चार्ट, लॉगिनची नक्षी नंतर. पहिले दोन पगार वही आणि प्रोग्रॅम दोन्ही बरोबर चालू ठेवा आणि पैशापर्यंत जुळवा. जुळला की सचिव स्वतःच शेजारच्या गावात सांगतो. त्याच्या शब्दाला जी किंमत आहे ती तुमच्या जाहिरातीला नाही.

पाचानंतर मात्र एकट्याने गावोगाव फिरणं परवडत नाही. अशा वेळी बघायचं की या केंद्रांवर आधीपासून कोण जातंय. फॅट मशिन आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकणारे, ते दुरुस्त करणारे, तालुक्याचा संगणक दुकानदार. त्यांना विक्रीवर कमिशन द्या. टॅली आणि क्विक हील दोघंही विक्रेत्यांच्या जाळ्यातूनच गावागावात पोचले.

किंमत

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. "एकदाच पाच हजार, कायमचं तुमचं" असं सांगून विकलं की पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या वर्षी नवीन गिऱ्हाईक एकही नाही, पण जुने चाळीस जण रोज सकाळी फोन करतात. वार्षिक नूतनीकरण ठेवा, पहिल्याच दिवशी सांगा आणि बिलावर लिहा. मुदत संपली तर प्रोग्रॅम बंद पाडू नका. नवीन नोंद थांबवा, पण जुना हिशेब बघता आणि छापता आला पाहिजे. दुसऱ्याचा हिशेब ओलीस ठेवणं बरोबर नाही, आणि तालुक्यात ते लपतही नाही.

एक हिशेब करून बघा. चाळीस केंद्रं, वर्षाला प्रत्येकी तीन हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. महिन्याला दहा हजार. त्यातून पेट्रोल, इंटरनेट, सर्व्हर, कमिशन वजा. पुण्याची नोकरी सोडण्याआधी हा कागद घरच्यांसमोर ठेवावा असं आम्हाला वाटतं. हे निराश करायला नाही. चाळीसचे दीडशे झाले की चित्र बदलतं, पण दीडशे व्हायला दोन-तीन वर्षं लागतील असं धरूनच चालावं. तोवर नोकरी किंवा दुसरं काम हवं.

शेतकऱ्याला रोजच्या दुधाचा एसएमएस जातो, त्याचा खर्च वेगळा धरा. तो खर्च कोण करणार हे आधी ठरवा. ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे असे संदेश पाठवायला डीएलटीवर संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही नोंदणी करावी लागते. परवानगीत जो मजकूर दिला त्यात एक शब्द बदलला तरी मेसेज अडकतो.

कागदपत्रं

एकट्याने सुरू करायला प्रोप्रायटरशिप पुरते, कंपनी काढायची घाई नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणारी खासगी संकेतस्थळं सरकारीसारखी दिसतात, तिथे फसू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप ॲक्टप्रमाणे कामगार मोजकेच असतील तर नुसती सूचना नोंदवली की झालं. बँकेत चालू खातं उघडायला हे दोन कागद उपयोगी पडतात.

जीएसटीबद्दल गैरसमज फार. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही. पण मग बिलावर जीएसटी लावताही येत नाही. नंबर नसताना १८ टक्के घेणं हा गुन्हा आहे. मोठी संस्था किंवा कारखाना नंबर मागतो म्हणून स्वतःहून नोंदणी करता येते, मात्र त्यानंतर एक रुपयाची विक्री नसली तरी विवरणपत्र भरत राहावं लागतं, नाहीतर दंड चढतो. मोठ्या संस्थेने बिलातून टीडीएस कापला तर घाबरू नका, तो तुमच्या पॅनवर जमा असतो आणि आयकर विवरणपत्रात हिशेबात येतो. एकदा चांगल्या सीएसमोर बसा.

दोघं-तिघं मित्र मिळून करणार असाल तर भागीदारीचा कागद पहिल्याच महिन्यात करा आणि फर्म नोंदवून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटीचे पैसे वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. शिवाय एकाने कोड लिहिला आणि दुसऱ्याने विकला, तर मालकी कुणाची किती, हे मैत्री घट्ट आहे तोवरच लिहिता येतं.

कोड कुणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत धरले आहेत. लिहिला की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी नोंदणी करून ठेवली तर वाद झाल्यावर पुरावा म्हणून उपयोग होतो, आणि फी पाचशे रुपये आहे. पेटंटच्या मागे लागू नका, आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. नाव वाचवायचं असेल तर ट्रेडमार्क. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी एका वर्गाचे साडेचार हजार लागतात. सॉफ्टवेअर बहुतेक वर्ग ९ मध्ये येतं, इंटरनेटवरून सेवा म्हणून देत असाल तर ४२.

नोकरी करत असाल तर हे नीट वाचा. नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते. त्यापलीकडे काही नियुक्तीपत्रांत "नोकरीच्या काळात केलेलं काहीही आमचं" अशी वाक्यं असतात. नेमणुकीचा कागद काढून वाचा. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेत एक ओळही लिहू नका.

उलट बाजूही आहे. एखाद्या पतसंस्थेने पैसे देऊन तुमच्याकडून प्रोग्रॅम बनवून घेतला, तर नुसते पैसे दिल्याने कोड त्यांचा होत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून करारात स्पष्ट लिहा की वापरायचा परवाना देतोय, कोडची मालकी माझ्याकडे राहील. हे एक वाक्य नसल्याने तोच प्रोग्रॅम दुसऱ्याला विकताना भांडणं लागतात.

इंटरनेटवरून घेतलेल्या फुकट लायब्ररीही फुकट असल्या तरी त्यांना अटी असतात. एमआयटी परवान्याची अट हलकी, मूळ सूचना सोबत ठेवली की झालं. जीपीएलचा कोड मिसळून प्रोग्रॅम विकला तर घेणाऱ्याला तुमचा कोडही द्यावा लागू शकतो.

प्ले स्टोअरवर टाकायचं का?

गुगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, म्हणजे दोन-अडीच हजार रुपये. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर; दूध केंद्राच्या कामाला त्याची गरज नाही. गुगलकडे १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. यासाठी पैसे घेऊन खोटे परीक्षक पुरवणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तुमच्याच पाच केंद्रांवरचे लोक आणि त्यांची पोरं मिळून बारा होतात, आणि खऱ्या चुकाही कळतात.

ॲपमधून पैसे घेणार असाल तर वैयक्तिक खात्यावर तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसतो, हे घरी सांगून ठेवा. ॲपच्या आत डिजिटल सेवा विकली तर गुगलचा वाटा असतो. २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर तो १५ टक्के ठेवला गेला. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्यांच्याच पानावर परत वाचा.

विंडोजवर देणार असाल तर अडचण वेगळी. सही नसलेली फाइल उघडली की विंडोज लाल-निळी सूचना दाखवतं आणि सचिव "व्हायरस आहे" म्हणून फोन करतो. त्यासाठी कोड सायनिंग सर्टिफिकेट लागतं, त्याला खर्च आहे, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरवरच ठेवावी लागते. पहिल्या पाच-दहा ठिकाणी स्वतः जाऊन बसवून द्या, सर्टिफिकेट नंतर घ्या.

बसवल्यानंतर

सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात तुमचा फोन उचलला गेलाच पाहिजे. रांग उभी असते, दूध थांबत नाही. नवीन आवृत्ती पगाराच्या दिवशी कधीच पाठवू नका. एकाच केंद्रावर आठवडाभर चालवून मग बाकीच्यांना द्या.

शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती तुमच्या सर्व्हरवर येतात. पशुखाद्य किंवा विमा विकणारे ती यादी मागायला येतील, पैसेही देऊ करतील. देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, त्यातला कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. पण कायदा नसता तरी ती यादी तुमची नव्हती. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची.

आणि एक गोष्ट करारात पहिल्याच दिवशी लिहून द्या. उद्या तुम्ही परदेशी गेलात, आजारी पडलात किंवा धंदा बंद केलात तर केंद्राचं काय? सगळा हिशेब एक्सेलमध्ये बाहेर काढायचं बटण प्रोग्रॅममध्ये असू द्या, ते कुणाच्या परवानगीशिवाय चालू द्या. बंद करायचं ठरलं तर किमान तीन महिने आधी सांगू, असं लिहा. हे बटण दाखवलं की सावध चेअरमनही सही करायला तयार होतो, कारण आधीच्या कुणीतरी त्यांना मधेच सोडलेलं असतं आणि ते अजून विसरलेले नसतात.